गल्ला न सोडता पाय मोकळे करायचे कसे

पतसंस्थेचं काउंटर असो, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्याचं डिझाइनचं टेबल असो, की निपाणीतल्या अडत दुकानाची गादी; सकाळी दहाला बसलेला माणूस जेवायलाच उठतो. पहाटे बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फेऱ्या मारणं चांगलंच, पण पोटऱ्यांना हालचाल लागते ती दिवसभर. पोटरी आवळली की पायातलं रक्त वर ढकललं जातं. तासन्‌तास बसलं की हा पंप थंडावतो, म्हणूनच चारच्या सुमाराला चपलेचा पट्टा आवळल्यासारखा लागतो.

अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात २०२३ साली ११ जणांवर झालेल्या छोट्या अभ्यासात, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. तासाला एक मिनिट चालल्यानंही रक्तदाब थोडा उतरला. काउंटरवर पाच मिनिटं मिळणं अवघडच, तेव्हा दोन तरी घ्याच.

उभं राहा, एक हात टेबलावर. दोन्ही टाचा दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, असं पंधरा वेळा. घाईत टाच आपटली तर पोटरीला काम होत नाही. मग खुर्चीत बसा-उठा, आठ वेळा, हाताचा आधार न घेता. चाकांची खुर्ची हमखास मागे सरकते, म्हणून ती आधी भिंतीला टेकवा. गुडघा दुखत असेल तर बसताना पुरतं टेकू नका, अर्ध्यावरूनच वर या.

शेवटी दाराच्या चौकटीला दोन्ही कोपरं खांद्याच्या उंचीवर टेकवा, एक पाय पुढे घ्या आणि छाती पुढे नेऊन वीस सेकंद थांबा. लेजरवर वाकून पुढे आलेले खांदे यानं मोकळे होतात. मान गरगर फिरवू नका, चक्कर येते. हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरा, असं आठ वेळा. श्वास कोंडू नका.

रोखपालाला गल्ला सोडून जाता येत नाही. त्यानं ड्रॉवरला कुलूप घालून तिथंच टाचा उचलाव्यात. रांग हलत नसेल तेव्हा बसल्या बसल्या चवडे वर-खाली केले तरी पायाला आलेल्या मुंग्या जातात.

मोबाइलचा गजर दोन दिवस ऐकतात, तिसऱ्या दिवशी बंद करतात. त्यापेक्षा उठणं कामालाच बांधा. प्रिंटर दूर ठेवा, फोन आला की उभं राहून बोला, दोन लिटरच्या बाटलीऐवजी छोटा पेला ठेवा म्हणजे पाण्यासाठी उठावंच लागतं. मार्चअखेरीला हे आधी सुटतं, आणि कंबर अवघडते तीही तेव्हाच. पावसाळ्यात छत्र्यांच्या पाण्यानं व्हरांड्याची फरशी निसरडी होते, तिथं टाचा उचलू नका.

रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी उठल्यावर दहा सेकंद टेबल धरून थांबावं. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, तर ती चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गाठ असू शकते.