क्राऊन अँड अँकर कसा खेळायचा, आणि बँकर का जिंकतो

पावसात फोंड्याला लाईट गेली की आम्ही घरी हा खेळ मांडतो, पोरांनासुद्धा पाच मिनिटांत कळतो. मूळचा ब्रिटिश नौदलातल्या खलाशांचा, गुत्त्यांमध्ये पैशांवर चालायचा, पहिल्या महायुद्धात सैनिकपण खेळायचे. आपल्याकडचा झंडीमुंडा ह्याचाच भाऊबंद, फक्त त्यात सहा फासे, ह्यात तीन.

लुडोचे तीन सारखे फासे घ्या आणि सगळ्या बाजूंना कागद चिकटवून मुकुट, नांगर (जहाजाचा, शेतातला नव्हे), इस्पिक, बदाम, चौकट, किलवर काढा. कागद सगळीकडे सारखाच हवा, एका बाजूला गोंद जास्त झाला की फासा तिकडेच बसायला लागतो. जुन्या चादरीच्या तुकड्यावर मार्करने हीच सहा घरं आखा, झाला पट.

एक जण बँकर. बाकीच्यांनी हव्या त्या घरांवर चिंचोके लावायचे, मग बँकर स्टीलच्या पेल्यात फासे खडखडवून पालथे घालतो. आपलं चित्र एका फाशावर आलं तर लावलेले परत अन वर तेवढेच, दोनवर आलं तर वर दुप्पट, तिन्हीवर आलं तर तिप्पट. नाहीच आलं तर बँकरचे.

आता खरी गंमत. तीन फासे आणि सहा घरं म्हणजे निम्मा चान्स असं वाटतं ना, पण तीन फासे पडायच्या 216 (6×6×6) तऱ्हा, त्यातल्या 91 मध्येच आपलं चित्र निघतं. पोरांना हे आकड्यांनी पटत नाही, म्हणून मी सहाही घरांवर एकेक चिंचोका ठेवायला लावते. तिन्ही फासे वेगळे पडले की तीन जातात तीन येतात, बरोबरी. जोडी आली की चार घरं गेली आणि द्यायचे तीनच, एक बँकरला सुटला. तिन्ही सारखे आले की दोन सुटले. म्हणजे जोडी बघून सगळे ओरडतात तेव्हाच बँकर कमावत असतो! शंभराच्या डावामागे सरासरी पावणेआठच्या वर त्याचे.

जत्रेत चित्रांच्या फाशांचा जुगार मांडलेला दिसला की हा हिशोब आठवा. घरी पैसे नकोच, गोव्यात 1976 चा जुगारविरोधी कायदा आहे. प्रत्येकाला वीस चिंचोके द्या आणि दर दहा फेकींनी बँकर बदला, म्हणजे ती कमाई सगळ्यांच्या वाट्याला येते.