अ‍ॅक्सेस पॉइंट लावताना आधी देश, मग बाकीचं

नवा अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारा डबा) हातात आला की मी आधी नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड भरायचो. कंट्री कोड म्हणजे टाइमझोनसारखा एक रकाना, नंतर भरला तरी चालेल असं वाटायचं. खरं तर कोणते चॅनल (रेडिओ पट्ट्यातले कप्पे) आणि किती पॉवर वापरता येईल हे त्यावरूनच ठरतं. एका इमारतीत बारा पॉइंट बसवले तेव्हा ही खोड मोडली.

सगळीकडे हिरवे दिवे, पण एका कोपऱ्यातल्या काही लॅपटॉपना नेटवर्क दिसेचना. तिथलेच फोन मात्र मजेत चालत होते. अर्धा दिवस मी भिंतींना बोल लावला. शेवटी पाहिलं तर त्या पॉइंटने ऑटोमध्ये, म्हणजे स्वतःच निवडून, १३ नंबरचा चॅनल पकडला होता. निवडलेल्या देशात तो चालतो, पण त्या लॅपटॉपांची कार्डं अमेरिकन बाजारासाठीची, ११च्या पुढे बघतच नाहीत. तेव्हापासून २.४ गिगाहर्ट्झवर मी १, ६ आणि ११ एवढेच ठेवतो.

५ गिगाहर्ट्झवर ५२ ते ६४ आणि १००च्या पुढचे बरेचसे चॅनल रडारच्या वाट्याचे. तिथे बोलण्याआधी रडार चालू आहे का हे पॉइंटला ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. युरोपच्या नियमांत हवामान रडारच्या पट्ट्यात, म्हणजे १२० ते १२८ वर, तब्बल १० मिनिटं. मला हे कुठे ठाऊक! नेटवर्क दिसत नाही म्हणून मी केबल काढून परत लावायचो, आणि त्याची मोजणी परत पहिल्यापासून.

लिनक्सवर स्वतः पॉइंट उभा करत असाल तर आधी 'आयडब्ल्यू रेग गेट' (iw reg get) ही कमांड चालवा, कोणत्या देशाचे नियम लागू आहेत ते कळतं. देशाच्या जागी ००, म्हणजे देश ठरलेलाच नाही, असं दिसलं तर ५ गिगाहर्ट्झ बहुधा सुरूच होणार नाही. होस्टएपीडी (hostapd, पॉइंट चालवणारा प्रोग्राम) याच्या फाइलमध्ये देश लिहा, मग पुढचं बघा.

पॉवरची मर्यादा बहुतेक ठिकाणी अँटेनातून बाहेर पडणाऱ्या सिग्नलवर असते. मर्यादा २० डीबीएम (पॉवरचं माप) आणि अँटेनाचा गेन, म्हणजे तो एका दिशेला सिग्नल किती वाढवतो ते, ६ डीबीआय असेल तर रेडिओच्या वाट्याला १४ उरतात. केबलमध्ये जेवढं गळतं तेवढीच काय ती सूट. अँटेना बदललात तर सेटिंगमधला गेनही बदला, सॉफ्टवेअरला तो दिसत नाही.

"दुसरा देश टाक, रेंज वाढेल" असा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईल. ते बेकायदा आहेच, शिवाय उपयोगही फारसा नाही. पॉइंट मोठ्याने ओरडतो, फोनवर पूर्ण दांड्या दिसतात, पण फोनचा आवाज तेवढाच राहतो आणि त्याचं उत्तर पॉइंटपर्यंत पोचतच नाही.