घरच्या रेडिओ टॉवरवर कोणी चढू नये म्हणून

तीन पायांचा जाळीदार टॉवर ही मुळात शिडीच. आडव्या-तिरप्या गजांवर पाय कसा ठेवायचा, हे आठ वर्षांच्या पोराला शिकवावं लागत नाही. ‘धोका’ पाटी जरूर लावा, पण तिच्यावर विसंबू नका. चढणाऱ्याला एक तर वाचता येत नाही, नाहीतर वाचायचं नसतं. गजांना ग्रीस फासा म्हणणाऱ्यांनी अँटेना दुरुस्त करायला स्वतः वर चढून बघावं. टॉवरला करंट सोडायचं कोणी सुचवलं, तर त्याचा पुढचा सल्लाही घेऊ नका.

खरा उपाय एकच: तिन्ही बाजूंना गुळगुळीत पत्रा. दीड मिलिमीटरचं ॲल्युमिनियम पुरतं. पत्रा बाजारात ८ फुटी मिळतो म्हणून सगळे ८ फुटांवर थांबतात. उंच माणूस उडी मारून तिथली कड सहज धरतो, म्हणून मी १० फुटांवर ठाम आहे. पत्र्याला वाराही लागतो, तेव्हा टॉवरच्या भाराच्या मर्यादा आधी तपासा.

टॉवरच्या पायांना भोकं मुळीच पाडू नका. पाय कमजोर होतो, जस्ताचा थर फुटतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. पायांना क्लॅम्प आवळा, त्यांवर पत्रा बसवा. बोल्टची गोल डोकी बाहेर, नट आत. उभ्या कडा पायाभोवती आत वळवा, म्हणजे बोटं घालायला जागा उरत नाही.

आता खालची फट. मी इथेच फसलो. गवत काढायला बरं म्हणून पत्रा जमिनीपासून फूटभर वर ठेवला होता. एका संध्याकाळी टॉवरच्या आतून हसण्याचा आवाज आला. शेजारचं पोर खालून सरपटत आत शिरलं होतं आणि आतल्या बाजूने गज धरत डोक्याच्या उंचीला पोचलं होतं. बाहेरून कोणाला दिसत नव्हतं, मला हातही घालता येत नव्हता. तासभर समजावून त्याला एकेक पायरी खाली आणलं. तेव्हापासून फट चार बोटांच्या वर नाही. त्याहून जास्त जागा कोणी सुचवली, तर त्याने पोरं पाहिलेली नाहीत. पावसाचं पाणी तेवढ्यातून निघून जातं.

केबलचा जुडगा बाहेरून वर नेलात तर तो दोरच झाला. तो पत्र्याच्या आतून न्या.

तुम्हाला चढायला एक बाजू बिजागरीवर ठेवा, कुलूप लावा.

मग टॉवरभोवती एक फेरी मारा. शेडचं छप्पर, कुंपणाची भिंत, झाडाची फांदी यांवरून पत्र्याच्या वरचा गज हाताला येत असेल, तर सगळं काम पाण्यात. फांदी छाटा, भिंत हलवता येत नसेल, तर पत्रा तिच्याही वर न्या. आणि स्वतःची शिडी घरात नेऊन ठेवा. नवं कुलूप लावल्यावर माझी दोन दिवस टॉवरलाच टेकून उभी होती.