नवतपातली मिरची: शेंडा कधी खुडायचा, वळण कसं द्यायचं

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. पूर्वेला एक खिडकी, खिडकीखाली मशीन, मशीनच्या डाव्या हाताला जुनं लोखंडी रॅक. रॅकच्या वरच्या कप्प्यात ब्लाउजपीसच्या थप्प्या असतात. मधल्या कप्प्यात दरवर्षी मे-जूनमध्ये मिरचीची रोपं असतात. मापं द्यायला आलेल्या बाया विचारतात, मिरची घरात कशाला?

नागपूरचा मे ज्यांनी गच्चीवर काढलाय त्यांना हे सांगावं लागत नाही. पारा 45 च्या वर जातो, फरशी संध्याकाळी सातलाही तळपायाला चटका देते, आणि 25 मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला की तुळससुद्धा मान टाकते. मिरचीच्या बियाला उगवायला 25 ते 30 अंश लागतात. ते आमच्याकडे कूलरच्या खोलीतच मिळतात. जुलैत पाऊस स्थिरावल्यावर मोठ्या कुंडीत लावायचं तर रोप तेव्हा दीडेक महिन्याचं हवं. म्हणून मेच्या मध्यात बी टाकायचं, घरात. माझी नणंद भिवापूरला दिलीय. तिच्याकडच्या वाळल्या लाल मिरच्यांतलं बी मी वापरते. भिवापुरीला भौगोलिक मानांकन मिळालंय हे खरं, पण मला ती तिच्या रंगासाठी आवडते. आमटीवर तर्री अशी येते की बघत बसावं.

घरातल्या रोपाचं पहिलं दुखणं म्हणजे ते लांबुडकं होतं. उजेड कमी पडला की रोप खिडकीकडे मान काढत पळतं, खोड दोऱ्यासारखं बारीक, दोन पानांत बोटभर अंतर. अशा रोपाचा शेंडा खुडून काही होत नाही, आधी उजेड सुधारा. मी रॅकच्या कप्प्याला खालून 20 वॅटची पांढरी एलईडी ट्यूब बांधलीय. रोपाचा शेंडा आणि ट्यूब यांत वीतभरापेक्षा कमी अंतर. रोप वाढलं की ट्रे एक वीट खाली. सकाळी सहाला लावायची, रात्री आठला बंद. चोवीस तास चालू ठेवू नका, अंधारही लागतो.

कूलरची झोत थेट रोपांवर नको. एका दुपारी पानं कुरकुरीत होतात. दुसऱ्या बाजूला, खोली बंद करून कूलर चालवला तर ओलावा कोंडतो आणि इवली रोपं मातीलगत काळी पडून आडवी होतात. त्याला मर म्हणतात. दार थोडं उघडं ठेवायचं, माती वरून सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही. मी येताजाता रोपांवरून तळहात हलका फिरवते, लहान लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. हाताच्या नाहीतर वाऱ्याच्या अशा हलवण्यानं खोड बुटकं आणि जाड होतं.

आता खुडण्याचं. पानं मोजता आली पाहिजेत. उगवल्यावर येणारी पहिली दोन गुळगुळीत लांबट पानं बियाची, ती मोजायची नाहीत. त्यानंतर येतात ती खरी. सहा खरी पानं पूर्ण उघडली, सातवं डोकावतंय, रोप वीतभर नाहीतर त्याहून थोडं कमी, खोड हिरवं आणि ताठ, ही खुडायची वेळ. दिवसांवर जाऊ नका. माझ्याकडे कधी पंचविसाव्या दिवशी येते, कधी पस्तिसाव्या.

शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खोडातून खाली उतरतं आणि बगलेतल्या कळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब उठतो आणि प्रत्येक पानाच्या बगलेत झोपलेली कळी जागी होते. एका खोडाच्या जागी तीन-चार फांद्या. आमच्या घरात सासूबाई काशीला गेल्या तेव्हा तिन्ही जावा एकदम बोलायला लागल्या होत्या, तसंच.

कात्रीची गरजच नाही. शेंड्याचा कोवळा तुरा, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, नखात धरून खुडायचा. हात चुकत असेल तर धागे तोडायची छोटी कात्री चालते, पण कापडाला लावलेली तीच रोपाला नको. स्पिरिटनं पुसून घ्या. पानाच्या बगलेला लागून कापू नका, अर्धा सेंटीमीटर बुड ठेवा. त्या बगलेतली कळीच पुढे फांदी होणार आहे. वर हळद, राख, मेण काही लावायचं नाही. जखम उघडीच सुकू द्या, दोन दिवस पानांवर पाणी मारू नका. वेळ सकाळची बरी, म्हणजे दिवसभरात सुकते.

पहिल्या वर्षी मी चौदा रोपं ट्रेमधून ग्लासात बदलली आणि त्याच दिवशी सगळ्यांचे शेंडे उडवले. मशीनवर बसल्यावर मला सगळं एका बैठकीत संपवायची खोड आहे. त्यात रात्री लाइट गेली, कूलर बंद. रोपं मेली नाहीत, पण तीन आठवडे जिथल्या तिथं उभी राहिली. नणंदेच्या वाफ्यातली न खुडलेली रोपं तोवर पुढे निघून गेली. तेव्हापासून नियम केलाय: मुळं हलवली त्या आठवड्यात शेंड्याला हात नाही, आणि शेंडा खुडला त्या आठवड्यात कुंडी बदलायची नाही. खुडल्यावर चार-पाच दिवस काही दिसत नाही. त्या दिवसांत घाबरून युरिया टाकणारे मी पाहिलेत. थांबा. दहाव्या-बाराव्या दिवशी बगलेत हिरवे ठिपके फुगतात, मग पानं सुटतात.

एकदाच खुडायचं. दुसऱ्यांदा खुडलेलं झाड दिसायला गुबगुबीत होतं, पण फूल यायचं तेवढंच लांबणीवर पडतं.

यापुढचं काम मला जास्त आवडतं. फांद्या सुटल्या की त्यांना बाहेरच्या अंगाला वळण द्यायचं, म्हणजे मधे उजेड आणि हवा जाते. बाजारात मऊ तार मिळते, माझ्याकडे कातरणीचा ढीग असतो. होजिअरीच्या कापडाची बोटभर रुंद पट्टी सर्वांत छान, ती ताणते आणि खोडात रुतत नाही. सुतळी आणि नायलॉनचा दोरा नको. कुंडीच्या काठाला गरम खिळ्यानं चार भोकं पाडून घ्यायची. पट्टीचा एक वेढा फांदीला, मधे पीळ, दुसरा वेढा भोकातून, डमरूसारखा. फांदीच्या वेढ्यात करंगळी सहज जायला हवी. इथं टेलरचं माप लागू, जरा सैल शिवायचं.

वाकवायची वेळ दुपारची, पाणी द्यायच्या आधीची. सकाळी पाणी पिऊन टरारलेली फांदी काडीसारखी मोडते. थोडी तहानलेली फांदी ऐकते. एका दिवसात आडवी करू नका. आज थोडी, दोन दिवसांनी पट्टी आणखी अर्धा बोट ओढा. वाकवताना दुसऱ्या हाताचा अंगठा फांदीच्या बुंध्याशी, जोडाला आधार देत. मोडतं ते तिथंच.

आणि मोडलीच तर? सालीचा अर्धा तरी भाग जोडलेला असेल तर टाकू नका. फांदी जागेवर बसवा, बाजूला आगपेटीची काडी ठेवा, वर कापडाची पट्टी गुंडाळा, पाय मोडल्यावर करतात तसं. आठवडाभरात गाठ येते. माझ्या एका झाडावर अशी गाठ होती आणि त्याच फांदीला सर्वांत जास्त मिरच्या लागल्या.

पानं ओरबाडू नका. व्हिडिओ बघून रोपाची अर्धी पानं काढणारे असतात. हिरवं पान म्हणजे रोपाची चूल, चुली विझवून स्वयंपाक होत नाही. मातीला टेकलेली, पिवळी पडलेली, तेवढीच काढा. बियाची पानं आपोआप गळतात. मिरचीचं खोड पुढे आपणहून दोन फाट्यांत फुटतं आणि त्या बेचक्यात पहिलं फूल येतं. शेंडा खुडलेल्या रोपाच्या फांद्यांतही अशी बेचकी येतात. घरात असतानाच फूल दिसलं तर तेही खुडा. जीव लहान आहे, फळ धरायच्या भानगडीत पडू नये.

टोमॅटोला हे सगळं जसंच्या तसं लावू नका. झुडपासारख्या बुटक्या जातीचा शेंडा खुडला तर पीकच कमी होतं. वेलासारख्या उंच जातीत उलटं, शेंडा ठेवायचा आणि बगलेतले फुटवे काढत जायचे.

एक गोष्ट इथंच, नागपुरातच, ठासून सांगावी लागते. तीन वर्षांपूर्वी कंबर धरली होती म्हणून भाचा म्हणाला, "मावशी, तू बस ना, मी खुडून देतो. एवढंसं तर काम आहे." गाल फुगलेला, पन्नी खिशात. दुकानाच्या ओट्यावर बसून नुकताच खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटून आलेला. मी म्हटलं, खुड बाबा. पंधरा दिवसांत नव्या पानांवर फिकट-गर्द हिरवे ठिगळ पडले, पानं आकसली. मला वाटलं चुरडा-मुरडा, म्हणजे किडीमुळे पानं आकसतात तो रोग, म्हणून फुलकिडे शोधत बसले. एकही नाही. कृषी शिकणारी एक पोरगी फॉल शिवायला टाकायला आली होती, तिनं पानाकडे बघून आधी विचारलं, "घरात तंबाखू कोण खातं?" तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि बोटांवरून मिरची-टोमॅटोला लागतो. खुडलेला शेंडा म्हणजे उघडी जखम, त्याला आयतं दार. औषध नाही. ती रोपं उपटून पिशवीत बांधून फेकली. उरलेल्या चार रोपांवर वर्ष काढलं.

आता रॅकच्या बाजूला साबणाची वडी असते. खर्रा, बिडी, खैनी, काहीही असो, कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय रोपाला हात नाही. मी स्वतः खात नाही, तरी धुते, कारण दुकानात दहा जणांच्या नोटा हातातून जातात. एका रोपावरून दुसऱ्याकडे जाताना बोटं पातळ दुधात बुडवतात काही लोक. दुधातल्या प्रथिनांनी विषाणू निकामी होतो, आणि मीही करते. भाचा चिडवतो, "मावशी रोपाले दूध पाजून राहिली."

मृग लागून दोन-चार चांगले पाऊस झाले की रोपं बाहेर. एकदम गच्चीवर नाही. पहिले तीन दिवस उंबऱ्याच्या आत, सकाळचं ऊन फक्त अर्धा तास. मग ओट्यावर, मग गच्चीवर जाळीखाली, असे आठ-दहा दिवस. घरातलं पान ऊन पाहिलेलं नसतं, एका दुपारी पांढरं पडतं. बाहेर नेताना पट्ट्या सोडू नका, वाऱ्यात त्याच आधार देतात. पण दर रविवारी वेढ्यात करंगळी घालून बघा. पावसात खोड भराभर जाड होतं. करंगळी अडली की पट्टी कापून नवी बांधायची, जुनी उकलत बसायची नाही.