मारबतीची जुनी कॅसेट यूट्यूबवर टाकताना तिची माती होऊ नये म्हणून

काकांच्या कपाटात मिनीडीव्हीची (जुन्या हँडीकॅमची छोटी) कॅसेट सापडली. नागपूरच्या इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी काळी अन् पिवळी मारबत (मिरवणुकीतले मोठाले पुतळे) समोरासमोर येते तो सगळा धिंगाणा, अन् मधेच दोन मिनिटं आजी, ओट्यावर बसून तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला हार घालताना. हा व्हिडिओ मी तीनदा यूट्यूबवर चढवला अन् दोनदा काढून टाकला, म्हणून लिहून राहिलो.

पहिले हे डोक्यात पक्कं करा की अपस्केल केल्यानं, म्हणजे चित्राची साईज वाढवल्यानं, नवीन क्वालिटी येत नाही भाऊ. कॅसेटमध्ये आहे तेवढीच आहे. मग काहून करायचं? कारण यूट्यूब तुमची फाईल परत दाबते, अन् लहान साईजच्या चित्राला फार कमी बिटरेट (सेकंदाला मिळणारा डेटा) देते. १०८०पी टाकलं तर छोट्या चॅनलला बहुतेक वेळा जुना एव्हीसी कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) मिळते, १४४०पी किंवा वर टाकलं तर नवा व्हीपी९ अन् बिटरेटही जास्त. ढोलवाल्यांची गर्दी, उडता गुलाल, अशा सीनमध्ये हा फरक सरळ डोळ्याला दिसते.

आता सोर्स. मी आधी एका दुकानातून कॅसेट कन्व्हर्ट करून घेतली, त्यानं तासाभराचं सातशे एमबीत कोंबून दिलं, त्यावर काहीही करा, चौकोनी ठोकळेच मोठे होतात. चालू कॅमेरा अन् फायरवायर पोर्टवाला (कॅमेरा जोडायचा जुना पोर्ट) एखादा जुना डेस्कटॉप मिळाला तर कॅसेटमधला डेटा जसाच्या तसा उतरते, तासाला साधारण १३ जीबी. आकडा पाहून घाबरू नका, हेच पाह्यजे. अन् फाईल कोणाला पाठवायची तर पेनड्राइव्हवर, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून अजिबात नाही.

खरा घोळ पुढं आहे, इंटरलेसचा. आपल्याकडच्या पाल (आपली जुनी टीव्ही पद्धत) कॅमेऱ्याचं चित्र ७२०x५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पण एकेक फ्रेम दोन वेगवेगळ्या क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या ओळींची; या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. व्हिडिओ पॉज करून ढोलवाल्याचा हात पाहा, कडेला कंगव्याच्या दातासारख्या रेघा दिसतील. या रेघा न काढता अपस्केल केलं तर त्या जाड होऊन चित्रातच बसतात, मग कोणाच्या बापाला निघत नाहीत. माझा पहिला अपलोड यातच गेला. हँडब्रेक हे व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फिल्टर्समध्ये डीइंटरलेसला (या रेघा काढायला) बीडब्ल्यूडीआयएफ अन् प्रीसेट बॉब (प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम) घ्या, फ्रेमरेट ५० करा, म्हणजे हालचाल कॅसेटमध्ये होती तशीच सळसळीत राहते. हात मागं-पुढं झटके मारत असला तर फील्डचा क्रम उलटा लागला समजा, डीव्हीत खालची फील्ड पहिली असते.

साईज १९२०x१४४० ठेवा, अॅनामॉर्फिक (पाहताना चित्र ताणून दाखवणं) बंद, अपस्केलिंगला टिक. हे बरोबर ४:३ आहे, जुन्या टीव्हीचा आकार. बाजूला काळे पट्टे स्वतः लावू नका, यूट्यूबचा प्लेअर करून घेते. अन् सोळा-नऊमध्ये ताणू तर बिलकुल नका, मारबत आधीच धिप्पाड आहे.

दुसरा अपलोड एआयनं घालवला. सॉफ्टवेअरनं सगळं चकचकीत करून दिलं, मी खुश, मग काकू म्हणाल्या, अरे आजीच्या कपाळावरचं गोंदण कुठी गेलं? तीन हिरवट ठिपके, ते नॉइज समजून पुसले होते, अन् गाल मेणाचे. तेव्हापासून डीनॉइज (दाणे घालवणं) एकदम हलका अन् अपस्केलच्या आधी, शार्पन (कडा धारदार करणं) बंद. एआय वापरायचंच असेल तर ज्याला तुम्ही ओळखता त्याचा चेहरा थांबवून जुन्या फाईलशी जुळवून पाहा, गर्दीतले अनोळखी चेहरे पाहून काही कळत नाही.

एक्सपोर्ट एच२६४, आरएफ (क्वालिटीचा आकडा, कमी तितकी चांगली) १६ च्या आसपास. १४४०पी ५० फ्रेमला यूट्यूब २४ एमबीपीएस सांगते, त्याच्या वर गेलं तर जाऊ द्या. आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ. मे महिन्यात हे काम रात्री लावा, दुपारी लॅपटॉप तापून कासव होते, अन् कूलरच्या तोंडापुढं ठेवू नका, ती ओली हवा आहे.

पूर्ण टाकायच्या आधी सर्वात गर्दीचा तीस सेकंदाचा तुकडा अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारा) टाकून पाहा, कारण एकदा टाकल्यावर त्याच लिंकवर फाईल बदलता येत नाही. सुरुवातीला अंधुकच दिसते, १४४० तयार व्हायला वेळ लागते, चहा घेऊन या. मग कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राईट क्लिक, स्टॅट्स फॉर नर्ड्स, कोडेकपुढं व्हीपी०९ दिसलं की काम झालं.

तिसऱ्यांदा टाकल्यावर काकूंना लिंक पाठवली. फोन आला, "गोंदण अजूनही दिसून नाही राहिलं." घरी जाऊन पाहिलं तर मोबाईल डेटा सेव्हरवर, व्हिडिओ १४४पी.