जुन्या डिस्कवरचं सॉफ्टवेअर टाकायच्या आधीची तयारी

पहिली गोष्ट, डिस्क हातात आली की लगेच ड्राइव्हमध्ये घालून सेटअपवर डबल क्लिक करू नका. ती अजून किती वेळा वाचली जाईल याचा भरवसा नसतो आणि इन्स्टॉल काही एका झटक्यात होत नसतं, म्हणून आधी कॉपी काढा. साडेतीन इंची फ्लॉपी असेल तर कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं ठेवा म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही (सव्वापाच इंचीत बरोब्बर उलटं, तिथे खाच चिकटपट्टीने झाकायची). सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मग इमेज बनवा, म्हणजे अख्ख्या डिस्कची फाइलच्या रूपातली हुबेहूब कॉपी. साध्या डेटा सीडीला आयएसओ फॉरमॅट पुरतं, पण जुन्या गेमच्या सीडीवर गाण्यांचे ट्रॅक असतील तर ते आयएसओत येत नाहीत, तिथे बिन-क्यू फॉरमॅटमध्ये इमेज काढा. मध्येच अडकलं तर दुसऱ्या ड्राइव्हवर बघा, नाहीतर खराब डिस्क वाचणारं डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर आहेच, फुकट आहे, नीट वाचता येणारा भाग आधी काढून घेतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. आणि हो, मायक्रोसॉफ्टच्या त्या काळच्या काही फ्लॉप्या १.४४ ऐवजी १.६८ एमबीच्या फॉरमॅटमध्ये यायच्या, त्या साध्या पद्धतीने कॉपी होत नाहीत, म्हणून एरर आली की लगेच फ्लॉपी कचऱ्यात टाकू नका.

सीरियल की कुठे आहे ते आत्ताच शोधा. सीडीच्या डबीच्या मागे, मॅन्युअलच्या पहिल्या पानावर, कुठेही असते, आणि सेटअप अर्ध्यात आल्यावर ती शोधणं म्हणजे वैताग.

आता खरी मेख. सॉफ्टवेअर १६-बिट (डॉस-विंडोज ३.१ च्या काळातलं) आहे की ३२-बिट (साधारण विंडोज ९५ पासूनचं) हे बघा, कारण ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालतच नाही, कंपॅटिबिलिटी मोडमध्ये (प्रोग्रॅमला जुन्या विंडोजचा भास करून देणारी सेटिंग) विंडोज ९५ निवडा नाहीतर अजून काही निवडा, काही फरक पडत नाही. गंमत अशी की १९९५ नंतरच्या बऱ्याच सीड्यांवर प्रोग्रॅम ३२-बिट असतो पण त्याचा सेटअपच १६-बिट, आणि लोक डिस्कला दोष देत बसतात. इन्स्टॉलशील्ड या टूलने बनवलेल्या काही जुन्या सेटअपना विंडोज स्वतःच ३२-बिट इंजिन बदलून देतं, पण सगळ्यांना नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच येतं, त्यामुळे तिथे माझ्या मते जास्त झटापट करू नये, सरळ व्हर्च्युअल मशीन (आजच्या पीसीतच सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा पीसी) उघडावं, आणि डॉसचं काही असेल तर डॉसबॉक्स, म्हणजे डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम.

व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज ९८ टाकणार असाल तर रॅम २५६ एमबी द्या, ५१२ च्या वर गेलात तर ते गोंधळतं. हार्ड डिस्कपण २ जीबीच्या आतली द्या, कारण काही जुने इन्स्टॉलर २ जीबीहून जास्त मोकळी जागा नीट मोजू शकत नाहीत आणि ढीगभर जागा असताना ‘जागा कमी आहे’ म्हणून अडून बसतात.

३२-बिट असेल आणि आजच्या विंडोजवरच टाकायचं असेल तर प्रोग्रॅम फाइल्सऐवजी सी ड्राइव्हवर छोट्या नावाचं, स्पेस नसलेलं फोल्डर द्या, कारण जुने प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायला जातात आणि विंडोज तिथे आडवं येतं. डॉट नेट ३.५ (काही जुन्या प्रोग्रॅमना लागणारा मायक्रोसॉफ्टचा घटक) आणि गेमसाठी डायरेक्टप्ले (जुन्या गेमना नेटवर्कवर खेळायला लागणारा घटक) आधीच विंडोज फीचर्समधून चालू करून ठेवा. पण सेफडिस्क नावाचं कॉपी-प्रोटेक्शन असलेला गेम असेल तर ओरिजिनल सीडी आत असूनही तो सीडी मागत राहील, कारण ते प्रोटेक्शन चालवणारा ड्रायव्हर विंडोज १० पासून काढून टाकलाय. अशा वेळी विंडोज एक्सपीचं व्हर्च्युअल मशीन किंवा जुना पीसी, पण नेट बंद ठेवून, आणि व्हर्च्युअल मशीन असेल तर सेटअप चालवायच्या आधी स्नॅपशॉट घ्या (म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जतन करा), अर्धवट इन्स्टॉल झालं तर मागे जाता येतं, नाहीतर जुने अनइन्स्टॉलर अर्धी घाण तशीच ठेवून जातात.