सर्व्हिसिंगला दिलेली गाडी ठोकून परत दिली तर काय करायचं

सगळ्यात आधी, गाडी गेटच्या बाहेर काढूच नका. बंपरला चरा दिसला, दरवाजा दबलेला दिसला की तिथंच फोटो-व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग त्यात येऊ द्या अन् सर्व्हिस ॲडव्हायझरला (गाडी घेणारा-देणारा माणूस) म्हणा जॉब कार्डवर, म्हणजे गाडीच्या कामाची नोंद असते त्या कागदावर, लिहून द्या. तो म्हणणारच, "भाऊ, हे आधीचंच आहे", म्हणून तर गाडी देतानाच चारी बाजूनं व्हिडिओ काढायचा अन् जुने डेंट-स्क्रॅच नोंदवून घ्यायचे. सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी लेखी मागा, नंतर ते पुसलं जातं.

मग वर्कशॉप मॅनेजरला ईमेल, कंपनीच्या कस्टमर केअरला कॉपी. फोनवर लई गोड बोलतेत, लेखी काहीच देत नाहीत. अन् "तुमच्या इन्शुरन्समधून करून देतो" म्हणाले तर अजिबात हो म्हणू नका, चूक त्यांची अन् नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जाणार तुमचा, हे कुठलं गणित?

तरी दाद दिली नाही तर 1915 ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाका. तिथंही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, पण 2 वर्षांच्या आत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे गाडी संभाजीनगरला जालना रोडवर दिली असली अन् तुम्ही परभणीचे असले तर परभणीतच. सर्व्हिसचं बिल 5 लाखांच्या आत असलं तर फी नाही, अन् वकील लागतोच असं बी नाही.